साठ ग्रिपा पाठ झाल्या, पण गाणं काही वाजत नाही

या वेळी गिटारवाल्यांची पत्रं जरा जास्तच आली, आणि त्यातली बरीचशी जॅझ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर, ग्रिप म्हणजे त्यासाठी बोटं ठेवायची पद्धत). सगळी छापता येणार नाहीत, ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांनी दुसऱ्याच्या उत्तरात आपलं शोधून घ्यावं. तारा मोजताना सगळीकडे बारीक तार पहिली आणि जाड तार सहावी धरलीये.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राह्यतो जी, बी.एस्सी. झालं, आता घरची शेती पाह्यतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून जॅझच्या साठेक ग्रिपा पाठ केल्या, मेजर सेव्हन, मायनर नाइन, थर्टीन, सगळं वहीत काढून ठेवलं. पण एकामागं एक वाजवलं का असं वाटते का चार गाण्यातले तुकडे आणून जोडले. बोटं जागेवर जाते, गाणं जागेवर येत नाही. काय चुकून राह्यलं?

उत्तर : भाऊ, वही छानच असेल, पण महिनाभर ती कपाटात ठेवा. तुम्ही कॉर्ड एकेक सुटी शिकलात, आणि जॅझमधली कॉर्ड कधी सुटी नसतेच, ती मागच्या कॉर्डमधून निघते आणि पुढच्या कॉर्डकडे जाते, आणि ऐकणाऱ्याला गोड लागतं ते हे जाणं. ग्रिप कितीही भारी असो, आधीच्या ग्रिपशी तिचं काही नातं नसेल तर ती तुकडाच वाटणार.

हे नातं कुठं असतं ते सांगतो. आपल्याकडे गावोगावी भजनाची पेटी असते त्यामुळे सरगममध्येच सांगतो, ते लवकर डोक्यात जातं. पांढरी एक म्हणजे सी, त्याला सा धरा. जॅझमध्ये सगळ्यात जास्त वेळा भेटणारी रांग म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड म्हणून तिला टू-फाइव्ह-वन म्हणतात. डी मायनर सेव्हनमध्ये रे म ध सा, जी सेव्हनमध्ये प नि रे म, सी मेजर सेव्हनमध्ये सा ग प नि. आता प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा सूर उचला (मोजायचं कॉर्डच्या मूळ सुरापासून : रे पहिला, ग दुसरा, म तिसरा, असं). पहिल्यात म आणि सा, दुसऱ्यात नि आणि म, तिसऱ्यात ग आणि नि. पाहा काय होतं ते (एक घर म्हणजे पेटीवरची लगेच शेजारची पट्टी, काळी असो की पांढरी, गिटारवर एक फ्रेट) : म जागेवर बसून राहतो आणि सा एक घर उतरून नि होतो, मग नि जागेवर बसतो आणि म एक घर उतरून ग होतो. सगळी गंमत या एकेका घराच्या उतरण्यात आहे. तिसरा आणि सातवा ही बैलजोडी आहे, बाकीचे सूर म्हणजे बंडीतला माल, कमी भरा नाहीतर जास्त भरा, ओढणारे हे दोघंच.

गिटारवर करा. डी मायनर सेव्हन : पाचव्या तारेवर ५वा फ्रेट, चौथीवर ३रा, तिसरीवर ५वा. जी सेव्हन : सहावीवर ३रा, चौथीवर ३रा, तिसरीवर ४था (पाचवी तार सहावीवरच्या बोटाच्या टोकानेच दाबून मुकी करायची). सी मेजर सेव्हन : पाचवीवर ३रा, चौथीवर २रा, तिसरीवर ४था. बाकीच्या तारांना हात लावायचा नाही. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर दर वेळी एकच बोट एकच घर सरकतंय ना, तेच तुमच्या साठ ग्रिपांमध्ये हरवलं होतं.

आणि पाचवा सूर कुठं गेला असं विचारू नका, तो गाळलाय. पाचवा गाळल्यानं कॉर्डची जात बदलत नाही, जिथं तो मुद्दाम कोमल किंवा चढा केला असेल, जसं मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, तिथं मात्र ठेवायचा.

हे हातात बसलं की दुसऱ्या तारेवर तीन घरं जोडा : पहिल्या दोन कॉर्डवर ५वा फ्रेट, तिसऱ्या कॉर्डवर ३रा. झालं, तुमची डी मायनर नाइन, जी थर्टीन आणि सी मेजर नाइन तयार. ज्या थर्टीनच्या नावानंच माणूस घाबरतो तो थर्टीन म्हणजे इथं नुसता एक ग आहे, डी मायनरपासून तिथंच बसलेला, नंतर रे वर उतरणारा.

मग सहाव्या तारेवरून सुरू होणारा दुसरा सेट घ्या. जी मायनर सेव्हन : सहावी ३, चौथी ३, तिसरी ३. सी सेव्हन : पाचवी ३, चौथी २, तिसरी ३. एफ मेजर सेव्हन : सहावी १, चौथी २, तिसरी २. हे दोन सेट आले की बाराही सुरांवर काम भागतं, कारण यात उघडी तार एकही नाही, पेटीवाला म्हणाला "काळी एक" तर अख्खा हात एक घर पुढे न्यायचा, बस. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजून वाजवा, पहिल्या मात्रेवर समजू नका. सुरुवातीला डोकं फिरेल. आणि एक, वाजवताना म-सा, म-नि, ग-नि हे तोंडानं गा. हे मी ज्याला ज्याला सांगतो तो लाजतो आणि गात नाही, आणि मग पुन्हा वहीच उघडतो.

अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, गिटार वाजवत होते, चारही मात्रांवर ठेका धरून, आणि त्यांच्या कॉर्ड बहुतेक दोन-तीन सुरांच्याच असायच्या. पूर्ण सहा तारा खडखडवणं म्हणजे ॲडव्हान्स्ड हा समज त्यांचं वाजवणं ऐकलं की निघून जातो.

प्रश्न : मी अमरावतीला इंजिनियरिंगले आहे, घर वरूड. ट्रायटोन सबस्टिट्यूशन नावाची भानगड सगळे सांगते पण समजेल असं कोणीच सांगत नाही. काहून वाजते ते?

उत्तर : वरचं उत्तर वाचलं असेल तर अर्धं समजलंच. जी सेव्हनचे ओढणारे सूर म आणि नि. या दोघांमध्ये सहा घरांचं अंतर आहे, म्हणजे सप्तकाचा बरोबर अर्धा, म्हणून उलटं केलं तरी अंतर तेवढंच राहतं. मग म ला तिसरा आणि नि ला सातवा धरणारी दुसरी कॉर्ड असणारच, आणि ती आहे कोमल रे वरची, डी फ्लॅट सेव्हन. पाचवीवर ४, चौथीवर ३, तिसरीवर ४. डी मायनर सेव्हन वाजवा, मग जी सेव्हनच्या जागी ही, मग सी मेजर सेव्हन. पाचव्या तारेवर बोट ५, ४, ३ असं घसरत येतं आणि वरचे दोन सूर आधीसारखेच एकेक घर उतरतात, म्हणून कानाला फसवल्यासारखं पण वाटतं आणि पटतं पण.

बेसवाला अनभिज्ञपणे प वरच राहिला तरी बिघडत नाही, दोघं मिळून जी सेव्हनचीच एक तिखट आवृत्ती तयार होते. मात्र गायक लांब शुद्ध रे धरून उभा असेल आणि तुम्ही खाली कोमल रे ठोकला तर तो तुमच्याकडे वळून पाहील. आणि दर ठिकाणी लावू नका रे बाबा, नवीन शिकलेला प्रत्येक जण आठवडाभर हेच करतो.

प्रश्न : मी पुसद तालुक्यात आरोग्य सेविका आहे. माझे हात लहान आहेत, साधी बार कॉर्डच नीट लागत नाही, तर जॅझ शिकायचा विचार सोडून द्यावा का? गिटार टिनाच्या खोलीत असते, उन्हाळ्यात तारा फारच वर उचलल्यासारख्या वाटतात.

उत्तर : ताई, सोडू नका, उलट लहान हाताला जॅझ बार कॉर्डपेक्षा सोपं जातं. वर दिलेल्या कॉर्डमध्ये कुठंच सहा तारा एका बोटानं दाबायच्या नाहीत. जॅझ गिटारवाले जँगो राइनहार्ट यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, १९२८ मध्ये आगीत डावा हात भाजला, अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाल्या, आणि सोलो ते मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर वाजवायचे. ते त्यांचं त्यांनी केलं, आपल्याला तसंच जमेल असं काही मी म्हणत नाही, पण हाताप्रमाणे कॉर्ड कापून घ्यायची हा हक्क त्यातून मिळतो. बेस वाजवणारं कुणी सोबत असेल तर खालचा मूळ सूर पण सोडून द्या, चौथी आणि तिसरी तार एवढ्यावर गाणं उभं राहतं. नंतर कधी वरच्या चार तारांवरची सी मेजर सेव्हन करून पाहा, चौथी, तिसरी, दुसरीवर ५ आणि पहिल्या तारेवर ७. याला ड्रॉप टू म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

पण मला वाटतं तुमचा खरा त्रास हाताचा नाहीच, गिटारचा आहे. बाराव्या फ्रेटवर सहावी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते शाळेच्या पट्टीनं मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला अडीच मिलीमीटरच्या आसपास असेल तर ठीक, चार-साडेचार असेल तर पैलवानाला पण बार लागणार नाही. दुकानात किंवा जाणकाराकडून सेटअप करून घ्या, नेकमधला (मानेतला) रॉड, ब्रिजवरची (खाली तारा अडकवतात त्या तुकड्यावरची) पट्टी, सगळं बघून. पहिल्या फ्रेटजवळच जास्त जोर लागत असेल तर वरच्या टोकाची पट्टी, तिला नट म्हणतात, तिच्या खाचा उथळ असतात, ते पण सांगा. आणि तारा बारा नंबरच्या असतील तर दहा नंबरच्या टाका.

आता टिनाची खोली. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो, टिनाखाली आणखी जास्त, आणि हवा कोरडी ठाक. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाजूनं बोचायला लागतात, वरची फळी बसते, फार झालं तर चिरते, आणि जास्त उष्णतेत ब्रिजचा गोंद सुटू लागतो आणि तारांच्या ओढीनं ब्रिज उचलला जातो. तुमच्या तारा उन्हाळ्यातच वर आल्या म्हणता म्हणून आधी ब्रिजच्या मागं कागदाचा तुकडा सरकतो का पाहा, सरकला तर लगेच तारा सैल करा आणि दुरुस्तीला द्या. पावसाळ्यात याच्या उलट, लाकूड फुगतं आणि फळीला पोट येतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, म्हणून उन्हाळ्यात गिटारच्या केसमध्ये पिळून घेतलेला ओला स्पंज छिद्रांच्या साबणदाणीत घालून ठेवा आणि केस घरातल्या सगळ्यात गार भिंतीला लावा. कूलरसमोर ठेवू नका. हे मुद्दाम लिहितोय कारण गिटारला गार लागावं म्हणून लोक नेमकं तिथंच ठेवतात, आणि मग महिन्याभरात तारा गंजतात.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकात गिटार वाजवतो, दिवाळीपासून होळीपर्यंत सिझन, कंपनी वडस्याची. मी सेव्हन-नाइन लावले का ऑर्गनवाले काका चिडते, म्हणते तुझ्या कॉर्ड माझ्या कॉर्डवर चढून राह्यल्या. कोणाचं बरोबर?

उत्तर : काकांचं. रागावू नका, कारण ऐका. ऑर्गनवर दहा बोटं आहेत आणि सूर धरून ठेवता येतो. ते खाली सा-प आणि मधे पूर्ण कॉर्ड धरून बसलेत आणि तुम्ही त्याच पट्टीत पाच तारा ओढल्या की ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट येतो, त्यात पेंडॉलमधले भोंगे, त्यांना खालचे सूर वेगवेगळे दाखवता येतच नाहीत. त्यातून काकांनी साधी सी मेजर धरली आणि वर सा ठेवला, आणि तुम्ही मेजर सेव्हनचा नि त्या सा ला चिकटून लावला, तर एक घराचं भांडण तिथंच लागलं.

तुम्ही सहावी-पाचवी तार नाटक संपेपर्यंत विसरा. चौथी-तिसरी किंवा तिसरी-दुसरी एवढ्या दोन तारांवर तिसरा आणि सातवा सूर, तेही तोडून तोडून, तबल्याच्या मधल्या जागेत. लावणीसारखी उडती चीज आली की चारही मात्रांवर फ्रेडी ग्रीनसारखा कोरडा ठेका, डाव्या हाताचं बोट लगेच सैल सोडायचं म्हणजे सूर लांबत नाही. आणि सिझनच्या आधी काकांसोबत दोन दुपारी बसून ठरवा का कोणत्या गाण्यात कोण काय धरणार, नऊवा सूर लावायचा असेल तर त्यांना आधी सांगायचा. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं, त्यात स्टेजवर ठरवायला वेळ कुठं असतो.

प्रश्न : मी तिवसा तालुक्यातल्या भजन मंडळात पेटी वाजवतो, वय ६४. आमच्यातला एक पोरगा गिटार घेऊन येतो, चांगला आहे, पण भूपातलं भजन सुरू असताना मेजर सेव्हन टाकतो आणि मला खटकतं. त्याला रागवावं का? हे परदेशी प्रकार भजनात हवेत कशाला?

उत्तर : काका, तुमचा कान एकदम पक्का आहे. भूपात सा रे ग प ध, म आणि नि वर्ज्य, आणि मेजर सेव्हनमध्ये सगळ्यात उठून दिसणारा सूर कोणता, तर नि. खटकणारच. पण रागवू नका, त्याला एवढंच सांगा की मेजर सेव्हन काढून सी सिक्स नाइन लाव : पाचवीवर ३, चौथीवर २, तिसरीवर २, दुसरीवर ३, पहिलीवर ३. यातले सूर खालून वर मोजा, सा, ग, ध, रे, प. अख्खा भूप एका ग्रिपमध्ये, एक सूर जास्त नाही, एक कमी नाही. जॅझवाले ही कॉर्ड मेजर सेव्हनच्या जागी कायम लावतात, तेव्हा त्याची पण हौस फिटेल. बदल हवा असेल तर ए मायनर सेव्हन, म्हणजे ध सा ग प, ती पण भूपातच बसते. मालकंस असेल तर पंचम नाही म्हणून सी मायनर सेव्हन चालणार नाही, तिथं एफ मायनर सेव्हन घ्यायला सांगा, म, कोमल ध, सा, कोमल ग.

मला स्वतःला विचाराल तर रागाच्या भजनात कॉर्ड कमीच बऱ्या. गिटारचे फ्रेट ठोकलेले असतात आणि त्यावरचा ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा किंचित चढा असतो (तुमच्या पेटीचा पण तसाच असतो, पण ते भांडण आज नको), म्हणून संथ आलापात कॉर्ड लांब धरली की गाणाऱ्याला टोचते. खंजिरीचा ठेका वाढला की मग वाजव म्हणावं.

राहिला परदेशी असण्याचा मुद्दा. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ बँड वाजत होते, त्यातले आणि पुढचे कितीतरी गोव्याचे वादक सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आले, आपल्या सी. रामचंद्रांसोबत चिक चॉकलेट या नावानं ओळखले जाणारे ट्रम्पेटवाले असायचे. त्या काळची गाणी तुम्ही रेडिओवर ऐकतच मोठे झालात, म्हणजे हे सूर तुमच्या कानावरून आधीच जाऊन आलेत. पेटी तरी कुठं आपल्या मातीत उगवली होती.

प्रश्न : जॅझसाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यावीच लागते का? (मूल, सिंदेवाही आणि काटोलहून तीन पत्रं)

उत्तर : नाही. आहे त्या गिटारवर दोन वर्षं निघतात. घ्यायचीच असेल तर सोयाबीनचे पैसे आल्यावर घ्या, हप्त्यांवर नको.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. संध्याकाळी एक तास गिटार वाजवतो, त्याला माझी ना नाही. पण तो काहीतरी विचित्र, अर्धवट वाजवतो आणि तिथंच थांबून जेवायला येतो. घरात सगळ्यांना बेचैन होतं, त्याची आई म्हणते हे बेसूर आहे. तो म्हणतो ही जॅझ आहे, तुम्हाला समजत नाही. खरं काय? (एक वडील, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊसाहेब, दोघंही खरं बोलताहेत. तो बहुतेक जी सेव्हन फ्लॅट नाइन किंवा तसली एखादी कॉर्ड घोटत असणार, प च्या कॉर्डमध्ये कोमल ध घातलेला. ही कॉर्ड बनलीच आहे बेचैन करायला, तिच्यातले म आणि नि पुढं जायला ओढत असतात, आणि पोरगं नेमकं तिथं गिटार ठेवून उठतं म्हणून आमच्या वहिनीसाहेबांना जेवण गोड लागत नाही. कानाची परीक्षा असेल तर त्यांना शंभरपैकी शंभर.

त्याला म्हणावं, जॅझ वाजव, आमची हरकत नाही, पण उठायच्या आधी सी मेजर सेव्हन किंवा मायनरमधलं असेल तर सी मायनर सिक्स वाजवूनच उठायचं. आणि बारावीचं वर्ष आहे, तर एक तासाचा सव्वा तास होऊ देऊ नका.